सोळा वादक, एक टाळी

माणसाच्या हातून अविचार घडतो तो बहुधा रागाच्या भरात, लोभापायी, किंवा शेजाऱ्याने भरीस घातले म्हणून. पुरेसा विचार करून, आकडेमोड तपासून, पुन्हा एकदा पडताळा घेऊन केलेला अविचार दुर्मीळ. असा एक अविचार मिलीमीटरांनी केला, त्याची ही हकीकत.

मिलीमीटर हे आईवडिलांनी ठेवलेले नाव नव्हे, हे सांगायला नको. ते तोलमाप-पडताळणी प्रयोगशाळेत वरिष्ठ अधिकारी होते. दुकानातला तराजू, दवाखान्यातला तापमापक, कारखान्यातला दाबमापक ही मंडळी खरे बोलतात की थापा मारतात हे तपासायचे आणि खरे बोलणाऱ्यावर शिक्का मारायचा, हा त्यांचा पेशा. तोच त्यांचा स्वभावही झाला होता. इमारतीच्या जिन्यातली तसबीर वाकडी आहे, असा एकदा वाद झाला, तेव्हा पाणसळ आणून त्यांनी सिद्ध करून दाखवले की तसबीर सरळ आहे, इमारत वाकडी आहे. त्या दिवसापासून त्यांना हे नाव पडले. ज्योतिष, घरगुती औषधे आणि हवामानाचा अंदाज या तिन्हींवर त्यांचा सारखाच अविश्वास होता. कोणी ‘माझा अनुभव आहे’ म्हणाले की ते शांतपणे विचारीत, “किती वेळा?” त्यामुळे लोक त्यांना अनुभव सांगेनासे झाले होते.

अशा माणसाच्या आयुष्यात श्रद्धास्थान म्हणावे असे एकच होते. ते काळे, गोल आणि मधोमध भोक पडलेले होते.

सोळा जणांच्या एका जॅझ बँडने कधीकाळी एका भरल्या सभागृहात जो कार्यक्रम केला, त्याची ती रेकॉर्ड. ती विकत आणली होती दादांनी, म्हणजे मिलीमीटरांच्या थोरल्या भावाने, आणि धाकट्याला पहिल्यांदा ऐकवताना ‘बोटं लावू नकोस’ एवढीच प्रस्तावना केली होती. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या तुकड्यात एक जागा आहे. ड्रमवाला बराच वेळ एकटाच वाजवत राहतो; मग क्लॅरिनेट त्याच्यात डोकावते; मग सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट असे सगळे एकमेकांच्या खांद्यावर चढत चढत अशा उंचीला जातात की आता कोणीतरी पडणार अशी खात्री वाटू लागते. आणि तिथे सगळे एकदम थांबतात. चार मात्रा नुसती शांतता. मग सोळाच्या सोळा जण एकत्र कोसळतात.

त्या शांततेच्या चौथ्या मात्रेवर दादा टाळी देत. एकच, कोरडी, सुतळीची गाठ मारावी तशी. ही टाळी रेकॉर्डवर नव्हती, परंतु तिच्याशिवाय रेकॉर्ड पूर्ण वाजली असे त्या घरात कोणी मानीत नसे.

दर रविवारी दुपारी मिलीमीटरांच्या बैठकीच्या खोलीत चार रसिक जमत. दोन भाऊ, तळमजल्यावरचे दंतवैद्य, ज्यांना ट्रॉम्बोन आवडे, कारण ‘त्यात ओढण्याचं कसब आहे’, आणि निवृत्त विमावाले. विमावाल्यांनी या रेकॉर्डवर एक सिद्धांत उभारला होता. हाच तुकडा दुसऱ्या बँडांनी वाजवलेला त्यांनी रेडिओवर ऐकला होता, आणि त्यांच्या मते ते सगळे गाडी चुकेल अशा घाईत होते. “आपल्यांचा भारदस्तपणा बघा,” ते म्हणत. “एकेक सूर कसा पाय रोवून उभा आहे. ह्याला म्हणतात ठेहराव.” हा ठेहराव वादकांच्या स्वभावातून आला की त्या काळाच्या संस्कारातून, यावर ते आणि दंतवैद्य यांच्यात अनेक रविवार खर्ची पडले होते.

आता मुद्द्याचे. दादांना ऐकू येत नव्हते.

दादांचे उभे आयुष्य बॉयलरच्या कारखान्यात गेले होते. दिवसभर पत्र्यावर घण. त्याचे व्हायचे ते कानांवर झाले. दादांचे म्हणणे मात्र वेगळे होते. “मला चांगलं ऐकू येतं. हल्लीचे लोक पुटपुटतात.” त्यांच्या मते बातम्या देणारे पुटपुटत, फोन पुटपुटत, दाराची घंटासुद्धा पूर्वीसारखी मोकळ्या मनाने वाजत नव्हती. मिलीमीटरांनी त्यांना गोड बोलून कानाच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा डोक्याला यंत्र लावून घेऊन, सगळी तपासणी शांतपणे सहन करून, दादांनी शेवटी अभिप्राय दिला की डॉक्टरांची पेटी बिघडली आहे.

डॉक्टरांनी धाकट्या भावाला बाजूला घेतले. बारीक, उंच आवाज गेलेच आहेत, म्हणाले. खालचे, जाड आवाज अजून पोचतात, तेही आता फार दिवसांचे सोबती नाहीत. “यंत्राने बोलणं कळेल. पण तुम्ही गाण्याचं विचारताय. ऐकवायचं असेल ते आत्ता ऐकवून घ्या.”

डॉक्टरांच्या आलेखाविरुद्ध मात्र एक पुरावा होता, आणि तो दर रविवारी समोर येई. टाळी. ती अजूनही केसभर चुकत नव्हती. “बहिऱ्या माणसाला जमेल का रे हे?” दादा विचारीत. न आवडणारा पुरावा नाकारू नये, इतपत शिस्त मिलीमीटरांच्यात होती. आवडणारा पुरावा दुप्पट तपासावा, हा त्याच शिस्तीचा दुसरा भाग त्यांना या एका बाबतीत गैरसोयीचा वाटत होता.

मग एका रविवारी त्यांनी प्रयोगशाळेतला ध्वनिमापक घरी आणला आणि रेकॉर्ड चालू असताना भिंतीपाशी धरला. शेजार जपून लावलेल्या त्या आवाजात सोळा माणसे मिळून मिलीमीटरांच्या फ्रिजपेक्षा किंचितच जास्त गलका करीत होती. खऱ्या सभागृहात, पहिल्या रांगेत, तो आवाज किती असेल याचे गणित त्यांनी मांडले, तपासले, आणि चष्मा पुसून जाहीर केले, “आपण ही रेकॉर्ड आजवर ऐकलेलीच नाही. तिच्याविषयी ऐकलेलं आहे.”

त्याच वेळी त्यांचे ठरले. दादांच्या कानांचे दार लागण्यापूर्वी ही रेकॉर्ड त्यांना एकदा खऱ्या आवाजात, मोठ्या जागेत, पहिल्या रांगेत बसवून ऐकवायची. एकदाच. पण पुरती.

“अहो, त्यापेक्षा कानातलं यंत्र घेऊन द्या ना त्यांना,” बायको म्हणाली.

“तो घालणार नाही.”

“एवढंसं यंत्र घालणार नाहीत, आणि सोळा माणसं कानात घालून घेतील?”

“ती त्याच्या ओळखीची आहेत.”

यावर बायकोने हात टेकले, आणि खुर्च्या किती लागतील ते विचारले.

इमारतीच्या तळमजल्यावर एक सभागृह होते. गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींनी नियमावली उघडली. सभागृह वार्षिक सभेसाठी मिळे, साखरपुड्यासाठी मिळे, शोकसभेसाठी मिळे. रेकॉर्ड ऐकण्यासाठी मिळते असे कुठे लिहिलेले नव्हते.

“मिळत नाही असंही लिहिलेलं नाही,” मिलीमीटर म्हणाले.

“ते झालं तुमचं शास्त्र. मी शोकसभा दाखवू का? वादक सगळे गेलेलेच आहेत म्हणता ना?”

“शोक होणार नाही तिथे.”

“पहिल्या मजल्याला होईल की,” सेक्रेटरी म्हणाले, आणि ध्वनिक्षेपकाचा सरकारी परवाना आणा, मग बघू, असे सांगून त्यांनी नियमावली मिटली.

परवान्याच्या खिडकीवर मिलीमीटरांचा सचोटीशी असलेला जुना संबंध आड आला. अर्जात ‘वादकांची संख्या’ असा रकाना होता. त्यांनी ‘सोळा’ लिहिले. कारकुनाने सोळा जणांची ओळखपत्रे मागितली.

“ते हयात नाहीत.”

“मग वाजवणार कोण?”

“रेकॉर्ड वाजणार.”

“मग वादक शून्य लिहा की.”

“शून्य लिहिलं तर ते असत्य होईल. आवाज सोळा जणांचा आहे.”

कारकुनाने पेन खाली ठेवले. “साहेब, मी शून्य लिहितो. पाप मला लागू द्या.”

परवाना मिळाला, पण अट घालून. कार्यक्रम सुरू असताना आवाज ठरावीक पातळीच्या वर जाता कामा नये, आणि ती पातळी संस्थेच्या जबाबदार व्यक्तीने मोजावी, तीही तोलमाप-पडताळणी प्रयोगशाळेचा शिक्का असलेल्या यंत्राने. तो शिक्का कोण मारतो हे कारकुनाला ठाऊक नव्हते. मिलीमीटरांना होते. त्यांनीच पारखलेले, त्यांनीच खरे ठरवलेले यंत्र आता सेक्रेटरींच्या हातात बसून त्यांच्याविरुद्ध साक्ष देणार होते. परवानगीची पातळी घरच्या फ्रिजपेक्षा जास्त होती, एवढेच तिचे कौतुक. बँडच्या ती कमरेलाही लागत नव्हती. “बघू तिथे,” ते म्हणाले. मिलीमीटरांनी ‘बघू’ हा शब्द उच्चारल्याची ही पहिलीच नोंद.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या आजींनी पडदे ओले करून लावायला सांगितले, त्याने आवाज गोड होतो म्हणे. (“किती वेळा पाहिलंत?” “तू जन्मायच्या आधीपासून.”) दंतवैद्यांनी कानात घालायला कापूस देऊ केला, जंतुविरहित. विमावाल्यांनी सभागृहाच्या काचांवरून हळुवार हात फिरवून त्यांचा विमा उतरवलेला आहे का याची चौकशी केली, आणि नाही कळल्यावर निवृत्त झाल्याचे त्यांना मनापासून वाईट वाटले. दादांना मात्र सगळा बेत हास्यास्पद वाटत होता. “घरी ऐकू येतंय की व्यवस्थित. पण तुमची हौस असेल तर येतो बाबा.”

स्पीकरवाला दोन पुरुषभर उंच खोकी घेऊन आला. त्याच्याकडे थाळीचे यंत्रही होते, नाचगाण्याच्या पार्ट्यांत वापरतात तसले, कडेला लाल दिवा आणि वेग कमीजास्त करायचा एक सरकता खटका असलेले. मिलीमीटरांनी त्या यंत्राकडे तराजूखाली चुंबक सापडावा तसे पाहिले. रेकॉर्ड घरच्याच यंत्रावर वाजेल, असे त्यांनी सांगितले. ज्या यंत्रावर ती आजवर वाजली, त्याच यंत्रावर. त्या यंत्राची कधी कोणी पडताळणी केली होती का, हा प्रश्न कोणालाही सुचला नाही. डॉक्टरला कोणी ‘जीभ दाखवा’ म्हणत नाही.

यंत्र जिन्यावरून उतरवताना पुढे विमावाले, मागे मिलीमीटर आणि मधे, नाजूक बाजू सांभाळायला, दंतवैद्य अशी रचना होती. पहिल्या वळणावर यंत्र कलले. सुईचा दांडा जागचा सुटून डुगडुगू लागला. दंतवैद्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी डुगडुगले आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला. “काही दुखणार नाही,” असे ते पुटपुटल्याचे विमावाल्यांनी स्पष्ट ऐकले. दांडा मुळासकट त्यांच्या चिमटीत होता.

“सवय हो,” ते ओशाळून म्हणाले. “हलत होता ना.”

कोणालाही वाटले असते, इथे थांबावे. मिलीमीटरांनी दांडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, सभागृहात गेले आणि स्पीकरवाल्याला म्हणाले, “तुझं ते लाल दिव्याचं जोड.”

दुपारी चारला मंडळी बसली. पहिल्या रांगेत मधोमध दादा, इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. बाजूला दंतवैद्य, कापसासहित. विमावाले खिडकीपाशी, काचांवर लक्ष ठेवून. सेक्रेटरी थेट खोक्यासमोर उभे, हातात ध्वनिमापक. स्पीकरवाल्याने भिंतीला टेकून डोळे मिटले. मिलीमीटरांनी आवाज परवानगीच्या पातळीच्या बरोबर खाली बेतला आणि सुई टेकवली.

पहिल्या काही सुरांतच विमावाले अस्वस्थ झाले. “घाई करतायत,” ते कुजबुजले.

“ट्रॉम्बोन बारीक लागतोय,” दंतवैद्य म्हणाले. “सर्दी झाल्यासारखा.”

“आपले असे नाहीत. ही दुसरी रेकॉर्ड आहे का?”

मिलीमीटरांनी चिडून थाळीकडे पाहिले. तिच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग होती आणि तिच्यावर लाल दिवा पडला होता. वेग अचूक असेल तर असे ठिपके थाळी फिरत असूनही जागच्या जागी स्थिर दिसतात. वेग चुकला तर सरकू लागतात. ही युक्ती प्रयोगशाळेत रोजची. ठिपके भिंतीवरच्या खिळ्यासारखे स्थिर होते. तरीही त्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी फेरे ताडून पाहिले. यंत्र बरोबर होते.

म्हणजे घरचे चुकीचे होते. त्याचा रबरी पट्टा सैल होऊन घसरत होता, आणि किती काळ ते देव जाणे, असे म्हणण्याची वेळ मिलीमीटरांवर आयुष्यात पहिल्यांदा आली. आसपासच्या तमाम तराजूंवर शिक्का मारणारा माणूस स्वतःच्या घरात रेंगाळलेले जॅझ ऐकत आला होता. तो भारदस्तपणा, तो ठेहराव, तो पाय रोवून उभा राहिलेला एकेक सूर, हे सगळे एका ढिल्या पट्ट्याचे कर्तृत्व होते. विमावाल्यांना हे कधीही सांगायचे नाही, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले.

इतक्यात ड्रमवाला एकटा वाजवू लागला, आणि मिलीमीटरांना एकदम टाळी आठवली. त्यांनी दादांकडे पाहिले. दादांनी डोळे मिटले होते. त्यांचा अंगठा गुडघ्यावर हलत होता, सावकाश, ठाम, घरच्या वेगाने.

सूर चढत गेले. थांबले. चार मात्रा रिकाम्या गेल्या. टाळी आली नाही. सोळाच्या सोळा जण कोसळले, सावरले, ट्रम्पेट पुढच्या ओळीवर गेली, आणि मग, त्या गदारोळाच्या ऐन मध्यावर, दादांनी टाळी दिली. एकच, कोरडी. ती कोणाला ऐकू गेली नाही. दिसली मात्र सगळ्यांना.

दंतवैद्य छताचा गिलावा तपासू लागले. विमावाल्यांना बुटाची नाडी आठवली. सेक्रेटरींनी ध्वनिमापकावर फुंकर मारली. दादांनी डोळे उघडले, एकेकाचा चेहरा पाहिला, आणि शेवटी स्वतःच्या तळहातांकडे पाहिले, दुसऱ्या कोणाचे हत्यार चुकून आपल्या पेटीत आले असावे तसे. तो रविवारचा पुरावा काय होता, ते आता उघड झाले होते. दादा ऐकत नव्हते. मनात मोजत होते.

रेकॉर्ड संपली. दादा उठले. “झालं ना? छान. हल्ली वाजवतातसुद्धा पुटपुटत. चला, चहा टाकायला सांग.”

“बस, दादा.”

“अरे संपलं की.”

“संपलं नाही. वेग जुळलेला नव्हता.”

“ह्या यंत्राचा?”

खोटे मिलीमीटरांना बोलता येत नसे. पण कोणते सत्य आधी सांगावे, याचा क्रम माणसाच्या हातात असतो. “आपल्या घरच्या वेगाशी जुळलेला नव्हता. तुझी टाळी जागेवरच होती. रेकॉर्ड लवकर आली.”

दादांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. किती ऐकू आले, किती ओठांवरून कळले, सांगता येत नाही. पण ते बसले.

मिलीमीटरांनी सुई मागे नेऊन टेकवली, सरकत्या खटक्यावर बोट ठेवले आणि विमावाल्यांना हाक मारली. “मी हे खाली आणतो. आपले वाटले की सांगा.” ज्यांच्या अनुभवाला त्यांनी जन्मभर ‘किती वेळा’ म्हणून विचारले, त्यांच्या कानांना त्यांनी आज प्रमाण मानले. खटका सरकू लागला. ठिपके हलले आणि मागे रांगू लागले. आपल्या हाताने एका अचूक यंत्राला चुकीचे करताना मिलीमीटरांना नेमके काय वाटले, हे त्यांनी पुढे कोणालाच सांगितले नाही.

“अजून,” विमावाले म्हणाले. “अजून जरा. हां. हे आपले.”

“ट्रॉम्बोनची सर्दी गेली,” दंतवैद्यांनी दुजोरा दिला.

मग मिलीमीटर सेक्रेटरींकडे वळले आणि त्यांनी हात पुढे केला. सेक्रेटरींनी गोंधळून ध्वनिमापक दिला. मिलीमीटरांनी त्याच्या पाठीचे झाकण उघडले, आतले सेल काढले, रुमालातल्या दांड्याशेजारी खिशात ठेवले आणि यंत्र परत त्यांच्या हातात दिले.

“आता मोजा,” ते म्हणाले.

“अहो, पण ह्यात काही दिसतच नाही.”

“मग काही हरकत घेण्यासारखं नाही.”

“मिलीमीटर, हे तुम्ही बोलताय?”

“नाही,” मिलीमीटर म्हणाले. “हे माझा अनुभव बोलतोय.” आणि स्पीकरवाल्याला हलवून म्हणाले, “पूर्ण सोड.”

स्पीकरवाल्याने एक डोळा उघडला. “पूर्ण म्हणजे? काचा कुणाच्या आहेत?”

“संस्थेच्या.”

“मग ठीक आहे.”

एका प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलू नयेत, हे मिलीमीटर नव्या भरती झालेल्यांना पहिल्याच दिवशी शिकवीत. वेगही बदलला होता, आवाजही. त्यांनी सुई पुन्हा पहिल्यापासून टेकवली.

जे झाले त्याचे वर्णन करणे अवघड आहे, कारण उपस्थितांपैकी कोणाचेही वर्णन दुसऱ्याशी जुळत नाही. काचा वाजल्या, यावर एकमत आहे. दंतवैद्यांचा कापूस पडला, की त्यांनी काढून टाकला, यावर नाही. पहिल्या मजल्यावरून तक्रार करायला माणसे आली आणि तोंड उघडून दारातच उभी राहिली. तक्रारीसाठी उघडलेले तोंड मिटायचे राहून गेले. खुर्च्या पायांतून थरथरत होत्या. आवाज आता कानांशी बोलत नव्हता, तो थेट बरगड्यांशी वाटाघाटी करत होता. दादांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा अंगठा थांबला होता. हे मिलीमीटरांच्या लक्षात आले.

ड्रम. क्लॅरिनेट. खांद्यावर खांदे. मग सगळे थांबले. मिलीमीटरांनी नजर वळवून मागे सरकणाऱ्या ठिपक्यांवर ठेवली, कारण दादांकडे बघण्याचे धैर्य त्यांना होईना.

टाळी पडली. चौथ्या मात्रेवर, घरातल्यासारखी, आणि तिच्या पाठोपाठ सोळा जण.

विमावाल्यांनी पुढे येऊन दादांचा हात हातात घेतला. सेक्रेटरींनी डोळे पुसले आणि धूळ आहे म्हणाले. सगळे खूश होते, आणि एकटे मिलीमीटर तोंड पाडून उभे होते. कारण त्यांना कळत होते की यातून काहीच सिद्ध झालेले नाही. वेग घरचा केल्यावर घरची टाळी जुळणारच. मनात मोजणारा माणूस आताही बरोबरच मोजणार. दादांनी ऐकले की नाही, हा प्रश्न होता तिथेच होता, आणि तो चुकीचा प्रयोग करून त्यांनीच तिथे खिळवून ठेवला होता.

“काय रे,” दादा म्हणाले, “तो पाय कुणाचा?”

“कुठला पाय?”

“गप्प होतात ना सगळे, तेव्हा. कुणीतरी जमिनीवर पाय आपटतंय. धप, धप, धप. चौथ्याला मी टाळी दिली.”

कोणीच ऐकले नव्हते. विमावाले ऐन त्या वेळी काच धरून उभे होते. दंतवैद्य म्हणाले, “पाय नाहीच तिथे. ती निखळ शांतता आहे. आपण किती वर्षं बोलतोय तिच्यावर.”

मिलीमीटरांनी सुई उचलून थोडी मागे ठेवली, खोक्यापाशी गुडघे टेकले आणि त्याच्या जाळीला कान लावला. सूर चढले, थांबले. आणि त्या प्रसिद्ध, निखळ, चर्चिलेल्या शांततेच्या तळाशी, जाड आणि दूर, एक बूट लाकडी फळीवर पडत होता. धप. धप. धप. धप. बँडचा म्होरक्या आपल्या माणसांना मात्रा मोजून देत होता. फ्रिजच्या बेताच्या आवाजात, घरच्या वीतभर स्पीकरमधून, तो आजवर बाहेर येणे शक्यच नव्हते.

त्यांनी सुई पुन्हा मागे घेतली. पुन्हा ऐकले. तिसऱ्यांदाही बूट तिथेच होता.

जे कधी ऐकलेलेच नव्हते, ते आठवता येत नाही. हे इतके साधे होते की त्याला गणित लागत नव्हते. जाड आवाज अजून पोचतात, असे डॉक्टर म्हणाले होते. ते पोचले होते, आणि खोलीतल्या सगळ्या धडधाकट कानांच्या आधी पोचले होते. मिलीमीटर उठले तेव्हा त्यांच्या कानावर जाळीचे चौकोन उमटले होते.

“आहे,” ते म्हणाले. “बरोबर आहे तुझं.”

“मग?” दादा म्हणाले. “मला ऐकू येतं म्हणून सांगतोय ना केव्हापासून.”

पुढचे थोडक्यात. संस्थेने मिलीमीटरांना लेखी जाब विचारला, त्यात ‘असह्य आवाज’ असे शब्द होते. दादांनी तो कागद मागून घेतला आणि समाधानाने पुन्हापुन्हा वाचला. एका काचेला तडा गेला होता. विमावाले आपले भाकीत खरे ठरल्याच्या आनंदात ती स्वतः बदलून द्यायला निघाले. ठेहरावाचा सिद्धांत त्यांनी किंचित सुधारला: आता तो सगळा भारदस्तपणा त्या पाय आपटणाऱ्याचा होता. पट्ट्याचा विषय मिलीमीटरांनी काढला नाही.

पुढच्या रविवारी घरच्या यंत्राला नवा दांडा बसवलेला होता. पट्टा जुनाच होता. झाकणावर प्रयोगशाळेतली एक लाल पट्टी चिकटवलेली होती, त्यावर मिलीमीटरांच्या रेखीव अक्षरात लिहिले होते: ‘पडताळणीत नापास. वापरात ठेवावे.’

दादांनी चष्मा लावून ती वाचली. “नापास आहे, तर वाजवतोस कशाला?”

“तुझ्या टाळीशी जुळतं म्हणून.”

“काय?”

“तुझ्या टाळीशी जुळतं.”

“पुटपुटू नकोस रे. नीट बोल.”

मिलीमीटरांनी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी खिडक्या उघड्या आहेत हे पाहिले, शेजाऱ्यांची आठवण केली, छाती भरून श्वास घेतला, आणि बोलले. पहिल्या मजल्यावर कोणीतरी भांडे पाडले.

“हां,” दादा म्हणाले. “आता कसं ऐकू आलं. लाव.”